बाबांची गाळलेली ओळ

आमच्या घरात बाबांचा आवाज सर्वांत मोठा. पिंपळनेरजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती मंडळी लहानशी आहे. रविवारी प्रभूची प्रार्थना सुरू झाली, की बाबांचा आवाज प्रार्थनाघराच्या पत्र्याला भिडायचा. पण मी धुळ्याला कॉलेजात गेले त्या वर्षापासून ते एका ओळीला गप्प होऊ लागले. आम्ही इतरांना क्षमा केली आहे तशी आम्हाला कर, अशा अर्थाची ती ओळ. सुट्टीत मी शेजारी उभी असायचे, म्हणून मला कळायचं. ओळ सरली की ते पुन्हा म्हणू लागायचे.

कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. साक्रीच्या बाजारात थोरल्या काकांनी, म्हणजे बाबांच्या सख्ख्या भावाने, चारचौघांत सांगितलं होतं की पोरगी शिकायला गेलेलीच नाही, कोणाबरोबर तरी पळाली आहे. आईने पुढे कित्येक महिने बाजार केला नाही. बाबांनी भावाशी बोलणं सोडलं. घरं समोरासमोर, तरी तीन वर्षं.

मग मी बीए झाले. आमच्या मंडळीतली पहिली पदवीधर. पाळक घरी आले आणि म्हणाले, "रविवारी उपकारस्तुती करू. प्रभूची प्रार्थना तुम्ही सांगा, आम्ही मागून म्हणू." बाबांनी मान हलवली, पण रात्री जेवले नाहीत. सगळ्यांपुढे उभं राहून ओळ गाळता येणार नव्हती, आणि देवासमोर खोटं बोलणं त्यांना जमणार नव्हतं.

शुक्रवारी ते पेढ्यांचा पुडा आणि मला घेऊन काकांच्या दारात गेले. आम्ही बसायच्या आतच म्हणाले, "भाऊ, मी तुले माफ करं."

काका खाटेवरून उठलेच. "माफ? मी कवय मांगी माफी? साहेब व्हयी गया का तू?" पुडा त्यांनी माझ्या हातात परत कोंबला.

अंगण ओलांडताना बाबा म्हणाले, "मन्हंच चुकनं. मोठेपना दखाडी उनू मी." माफी द्यायला जाऊन आपण मोठेपणाच दाखवून आलो, हे त्यांना टोचत होतं.

शनिवारी ते पुन्हा निघाले, या वेळी रिकाम्या हातांनी. मी मागोमाग गेले. दारातच उभे राहून म्हणाले, "भाऊ, तीन वरीस तुन्हासंगे बोलनू नही. ते मन्हं चुकनं."

काका खाटेची सुतळी ओढत बसले. मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "पोर खरंच पास व्हयनी का?"

"व्हयनी."

"मंग कालना पेढा कोठे शेत?"

मी पळत जाऊन पुडा आणला. बाजारातल्या त्या बोलण्याबद्दल काकांनी तेव्हा काही म्हटलं नाही, आजवर म्हटलेलं नाही. बाबा त्यासाठी थांबले नाहीत.

रविवारी उपासनेत माझं कौतुक झालं, टाळ्या वाजल्या, हार घातला. त्यातलं मला फार थोडं आठवतं. आठवतात ते पुढे उभे असलेले बाबा. त्या ओळीपाशी आल्यावर त्यांनी एकदा श्वास घेतला, आणि ती इतक्या मोठ्याने म्हटली की पार काकांच्या घरापर्यंत ऐकू गेली असेल. बीएचा कागद माझा होता, पण त्या दिवशी माझी मान ताठ झाली ती त्यांच्यामुळे.

"देव बहिरा शे का?" आई माझ्या कानाशी पुटपुटली. पण माझं मनगट तिने घट्ट धरून ठेवलं होतं.