समोरून

शेजारचे अविनाशदादा एका गाजलेल्या रॉक बँडचे ड्रमर. खांदा कायमचा दुखावला तेव्हा त्यांनी वाजवणं सोडलं आणि त्यांच्या जागी एक तरुण मुलगी आली. तिच्या पहिल्या कार्यक्रमाला मी दादा-वहिनींसोबत गेलो होतो. गाणं सुरू झालं, तरी दादांचं बोटही हलेना. वहिनी हळूच म्हणाल्या, “त्रास होत असेल तर निघू या.”

“थांब गं. जन्मभर मागे बसून यांच्या पाठीच बघत वाजवलं. समोरून आपला बँड आज पहिल्यांदा ऐकतोय.”

आपण ज्यात मुरतो, ते बाहेरून कसं दिसतं हे आपल्याला ठाऊकच नसतं.

गाणं संपल्यावर वहिनींनी विचारलं, “मग, कसा आहे तुमचा बँड?”

दादा नवलाने म्हणाले, “अगं, छान आहे की!”