टोरांटोला निघालेले गोरखतात्या

गुंजवण्याच्या गोरखतात्यांचा लेक मानसिंग टोरांटोत नोकरीला. बायको गेल्यापासून तात्या एकटेच, म्हणून लेकानं हट्टानं त्यांचं तिकीट काढलं. मुंबईपासून टोरांटो साडेबारा हजार किलोमीटर, विमानानं सोळा तास, हे तात्यांनी पाठ केलं आणि महिनाभर भेटेल त्याला ऐकवलं. निघायच्या दिवशी अख्खी वाडी गोळा झाली, हार घातला. म्हैस शेजारच्या कोंडिबाच्या हवाली करून तात्या किकवीच्या भाच्याच्या, स्वरूपच्या गाडीत बसले.

विमानतळावर अडलं. पासपोर्टावर नाव गोरक्षनाथ आणि तिकिटावर गोरख. लेकानं घाईत घरचं नाव टाकलं होतं. विमान गेलं.

"तात्या, आता महिन्यानंतरचंच तिकीट मिळतंय," मानसिंग फोनवर म्हणाला. "तोवर घरी जावा."

"कुठल्या तोंडानं जाऊ?" परतताना तात्या स्वरूपला एवढंच म्हणाले. त्यानं गाडी आपल्या घरी नेली.

बहीण बनाबाईनं मागची खोली दिली. खिडकी हायवेवर उघडायची आणि त्या रस्त्यानं गावचं कुणी ना कुणी रोज जायचं, म्हणून मे महिन्याच्या उकाड्यातही तात्या ती लावून घ्यायचे. अंघोळ उजाडायच्या आत. शेजारीण आली की खोकला दाबायचा. जन्मभर शिवारात वावरलेला माणूस या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालायचा.

"दादा, अंगणात तरी बस," बनाबाई म्हणायची. तात्या मान हलवून नको म्हणायचे.

कोंडिबाचा फोन आला, की तात्या आधी साडेनऊ तास वजा करायचे.

"हितं आत्ताच उजाडलंय."

"बर्फ हाय का रं?"

"लई."

मागून मानसिंगकडून कळलं, तिकडं आता बर्फाचं नाव नाही. तात्यांना फोन उचलायचीही धास्ती वाटू लागली. आपणच घातलेल्या कडीत आपण अडकलो, आणि अजून निम्मा महिना काढायचाय, या विचारानं घास उतरेना.

सतराव्या दिवशी कोंडिबा म्हणाला, "गोरख, म्हस दोन दिस झालं वैरणीला तोंड लावंना."

तात्यांनी चपला घातल्या आणि भरदुपारी, सगळ्यांदेखत, रस्त्यावर येऊन एसटीला हात केला.

गोठ्यात कोंडिबा म्हशीपुढं बसला होता. त्यानं वर पाहिलं. "जेवलास का?"

तात्यांनी आधी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "म्या गेलोच न्हाई, कोंडिबा."

"स्वरूपनं दुसऱ्याच दिशी सांगितलं व्हतं."

"मंग बर्फाचं कशाला इचारलंस?"

"तू दडून बसलेला. फोनवर दुसरं काय इचारू?"

त्या दिवसापासून वाडीत तात्यांना कुणी काही विचारलं नाही, आणि ते न विचारणंच त्यांना जास्त जड गेलं. पुढं जूनमध्ये नवं तिकीट आलं. तात्यांनी नावातलं अक्षर न् अक्षर स्वरूपकडून दोनदा वाचून घेतलं, आणि एका पहाटे म्हैस कोंडिबाच्या दावणीला बांधून, वाडीत कुणाला न सांगता निघाले.