मढच्या शाळेत मी जे बोलले

दोन हजार साल उलटून गेलं होतं. मी ओतूरला राहत होते आणि चार किलोमीटरवरच्या एका वस्तीवरल्या शाळेत शिकवायला सायकलने जात होते. तोवर गावात घरोघरी मोटारसायकली आल्या होत्या. आमच्याही दारात एक होती, पण सकाळी यांना दूध घालायची घाई असायची आणि मला कुणाच्या मागे बसून शाळेत जायला आवडायचं नाही. सायकलवाल्या बाई म्हणून आसपासच्या गावांत मला ओळखत. म्हणूनच असेल, पुण्याच्या एका सायकल मंडळाचं पत्र माझ्या शाळेच्या पत्त्यावर आलं.

तीन दिवसांची मदतफेरी होती. मंचरहून निघायचं, निरगुडसर, जुन्नर, ओतूर करत मढला संपवायचं. प्रत्येकाने ओळखीच्यांकडून देणगी आणायची. पत्राच्या वरच्या बाजूला ठळक छापलं होतं, ‘सायकलसाठी सायकल चालवा’. मला अर्थ लगेच कळला. मढच्या वरच्या वाड्यांमधल्या मुली रोज तास-दीड तास चालत शाळेला येतात. फेरी मढलाच संपणार, म्हणजे सायकली त्यांनाच मिळणार. माझ्या शाळेतल्या बाईंना, गुरुजींना, दोन शेजारणींना मी तसंच सांगितलं आणि सगळ्यांनी आनंदाने हातभार लावला.

“तीन दिवस सायकलवर कशाला? पैसे पोस्टानं धाड की,” हे म्हणाले. मी एसटीच्या टपावर सायकल चढवली आणि मंचरला गेले.

तिथे वीसेक जण जमले होते. डोक्याला हेल्मेट, अंगाला घट्ट कपडे, सायकलींना गिअर. मी पंजाबी ड्रेस घालून, पुढे टोपली लावलेली लेडीज सायकल घेऊन उभी. मंडळाचे प्रमुख निवृत्त इंजिनिअर होते. ते फार आपुलकीने बोलले. “ताई, तुमच्यासारखी रोज सायकल चालवणारी माणसं हवीत आम्हाला,” म्हणाले. मी सुखावले.

निरगुडसर माझं माहेर. तिथे पारावर आम्ही चहाला थांबलो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने सगळ्या सायकली फिरून पाहिल्या आणि मला विचारलं, “पावणं कशापायी निघाल्यात गं?”

“सायकली मिळाव्यात म्हणून, बाबा.”

“आन् मग ह्या काय हायेत?”

“ह्या ह्यांच्या. मुलींना द्यायच्यात त्या वेगळ्या.”

त्याने एका सायकलीच्या सीटवर थोपटलं. “मंग ह्याच द्या की,” म्हणाला. त्याचं म्हणणं मला दिवसभर पुरलं. पेडल मारताना मनात तेच. इतक्या लांब येऊन, घाम गाळून, ज्या सायकली द्यायच्या त्या ह्या लोकांनी बरोबर का आणल्या नाहीत? रात्री वाटेतल्या एका शाळेत मुक्काम झाला तेव्हा प्रमुखांनी छोटं भाषण केलं. सायकलीचा मार्ग मोकळा करायचा आहे, असं ते तीनदा म्हणाले. मला वाटलं, बोलायची पद्धत आहे. आमचे शिक्षणखात्यातले साहेबही प्रगतीचा मार्ग म्हणतात, म्हणून कुणी रस्ता शोधायला जात नाही.

दुसऱ्या दिवशी जुन्नरवरून ओतूरला येताना माझे पाय भरून आले. गिअरवाले भर्रकन पुढे जायचे आणि पुढच्या फाट्यावर माझ्यासाठी थांबायचे. कुणी वेग वाढवा म्हणालं नाही. चांगली माणसं होती, हे मला आजही म्हणायचं आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी मढला पोचलो. शाळेने मुलांना ओळीत बसवलं होतं, मागे काही आयाही आल्या होत्या. प्रमुख म्हणाले, “ताई, तुम्ही इथल्या, तुम्हीच बोला.” मी उभी राहिले. वरच्या वाड्यांमधल्या मुली पुढेच बसल्या होत्या. मी म्हणाले, “पुढच्या वर्षी तुम्ही सायकलवर शाळेत याल. ह्या लोकांनी त्याच्यासाठीच एवढे कष्ट घेतलेत.” मुलींनी टाळ्या वाजवल्या. एक तर रडायलाच लागली.

प्रमुखांनी मला व्हरांड्यात बाजूला घेतलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

“ताई, तुम्ही कुठल्या सायकलींबद्दल बोललात?”

“ज्यांच्यासाठी आपण निघालो त्या.”

“आपण पुण्यातल्या रस्त्यांवर सायकलसाठी वेगळी पट्टी मागतोय. देणगी त्या कामाला आहे. पत्रात मागच्या बाजूला सगळं लिहिलं होतं.”

मागची बाजू मी वाचली नव्हती. मी विचारलं, “मग इकडे कशाला आलात?”

“इकडे वाहनं कमी, रस्ता छान,” ते म्हणाले आणि स्वतःच ओशाळले.

मला राग कुणाचा आला हे ठरवता येईना. ते खोटं बोलले नव्हते. मीही नव्हते. मुली मात्र अजून तिथे बसल्या होत्या. मी परत त्यांच्यापुढे गेले आणि सांगितलं की माझी चूक झाली, सायकली येणार नाहीत. मागून एक आई उठली. भात लावणारी, डोंगरातली बाई. शांतपणे म्हणाली, “बाई, आमची वाट तुमी पाह्यली न्हाई. सायकल डोक्यावर घिऊन चढावं लागलं. पोरी खाली फाट्यापत्तुर येत्यात, तिथं एसटी थांबत न्हाई. हात करून बी न्हाई. ती थांबली तरी लई व्हईल.”

मंडळाच्या लोकांकडे पट्टीच्या मागणीसाठी सह्यांची वही होती. मी ती मागितली आणि शेवटच्या पानावर फाट्यावर एसटी थांबवावी असं लिहिलं. खाली आयांनी सह्या केल्या, काहींनी अंगठे उठवले. प्रमुखांनी वाचून पाहिलं. “हे आमच्या विषयात बसत नाही,” म्हणाले. पण पान फाडलं नाही.

घरी आल्यावर मी देणगी देणाऱ्यांना एकेक करून खरं सांगितलं. आमच्या गुरुजींनी विचारलं, “पुण्यात पट्टी झाली तर आपली पोरं तिकडं शिकायला जातील तेव्हा कामाला येईल, नाही का?” मी हो म्हणाले. मनापासून म्हणाले की सुटका करून घेतली, ते माहीत नाही.

पावसाळा संपल्यावर त्या फाट्यावर एसटी थांबू लागली. मी प्रमुखांना पत्र लिहून विचारलं. त्यांचं उत्तर आलं की वही महापालिकेत दिली, एसटीशी त्यांचा संबंध नाही, पट्टीचं अजून काही ठरलेलं नाही. मी कंडक्टरला विचारलं तर तो म्हणाला, “वरनं आलंय.” वर म्हणजे कुठे, ते त्यालाही माहीत नव्हतं.

मढच्या त्या आईने ओतूरच्या बाजारात मला गाठलं आणि नाचणीच्या पिठाची पुरचुंडी हातात ठेवली. “अहो, ते माझ्यामुळे झालेलं नाही,” मी म्हणाले. “मंग कुणामुळं?” तिने विचारलं. मी पुरचुंडी पिशवीत ठेवली आणि तिच्या मुलीची परीक्षा कधी आहे ते विचारलं.