गाडी नव्हती, सावली होती

सगळ्यात आधी एक कबूल करते. या पानावरचे अनुभव मी वर्षभर वाचतेय ते फक्त त्यातल्या चुका काढायला. मी हायस्कूलवर विज्ञान शिकवते. टॉर्च आणि पुठ्ठा घेऊन सावली कशी पडते, ते सातवीच्या वर्गाला दरवर्षी मीच करून दाखवते. घरात कुणी दृष्ट काढायला मीठ-मोहरी हातात घेतली तरी उठून बाहेर जाणारी बाई मी. तेव्हा हे मी लिहितेय यावर माझाच अजून विश्वास नाही...

पाचोरा आणि जामनेर खरी आहेत. बाकी गावांची आणि माणसांची नावं बदललीत.

पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी छोटी गाडी तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. अरुंद रुळांवरची. आम्ही तिला नुसतं ‘पीजे’ म्हणायचो. पळत जाऊन पकडता येईल इतकी सावकाश चालायची. लॉकडाऊनमध्ये ती थांबली ती थांबलीच. आज सुरू होईल, उद्या सुरू होईल, आता मोठी लाइन होणार, असं ऐकता ऐकता रुळांवर माती चढली, मधोमध बाभळी उगवल्या. सगळे बसने जायला लागले. मीही शाळेला बसनेच जाते. खरं सांगायचं तर बस बरी पडते, लवकर पोचते.

फक्त आमच्या अक्कांचं सगळं अडलं.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. वय पंच्याहत्तरच्या आसपास, गुडघे गेलेले, पण जीभ आणि नजर दोन्ही तेज, बोलणं सगळं अहिराणीत. त्यांना मोटार लागायची. साधी मळमळ नाही — बस सुरू झाली की पाच मिनिटांत पोटातलं सगळं बाहेर, मग नुसतं पित्त, मग चक्कर. त्यांचं लग्न झालं तेव्हापासून हेच. पीजेमध्ये मात्र कधी काही व्हायचं नाही. महिन्यातून दोनदा त्या आमच्या लोणखेडीच्या टपरीएवढ्या स्टेशनवर जाऊन बसायच्या आणि पिंपरखेड्याला थोरल्या बहिणीकडे, जिजीकडे, जायच्या. पदराखाली मेथीची जुडी नाहीतर कळण्याच्या भाकरीचं पीठ. संध्याकाळच्या गाडीने परत.

गाडी बंद पडली आणि दोघी बहिणींची भेटच बंद झाली. जिजीला ऐकू येत नाही, त्यामुळे फोनचाही उपयोग नाही. एकदा आम्ही अक्कांना कारने नेलं, सगळ्या काचा उघड्या ठेवून. पोचल्यावर सलाईन लावावं लागलं. त्यानंतर माझे मिस्टर म्हणाले, “आता हा खेळ नको.”

ही गोष्ट गेल्या मे महिन्यातली. पिंपरखेड्याहून जिजीच्या सुनेचा, वैशालीचा फोन आला. जिजी मोरीत घसरून पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन होऊन घरी आणलं होतं, पण चार दिवस अन्नाला शिवत नव्हत्या. फक्त “धाकली कोठे शे? धाकली कोठे शे?” एवढंच चाललं होतं.

मिस्टर कार घेऊन सुरतेला गेले होते, दुसऱ्या दिवशी येणार होते. मी अक्कांना तेच सांगितलं.

त्या पायात चपला घालूनच बसल्या होत्या. “शोभा, चाल. आत्तेच जाऊत.”

“अक्का, उद्या हे येतील. बसमध्ये तुमचं काय होतं माहितीये ना?”

“व्हऊ दे. ती मन्ही वाट देखी रायनी.”

उलटीची गोळी दिली, लिंबू दिलं, प्लास्टिकच्या पिशव्या घेतल्या आणि पावणेपाचच्या बसमध्ये पुढच्या खिडकीशी त्यांना बसवलं. कंडक्टर ओळखीचे, भले गृहस्थ. त्यांनी ड्रायव्हरला हळू घ्यायलाही सांगितलं. पण काही उपयोग झाला नाही. पाऊण तास कसाबसा काढला असेल-नसेल. अक्कांचा चेहरा राखेसारखा झाला, माझं मनगट घट्ट धरलं आणि त्या म्हणाल्या, “उतार माले. मी मरसू आठे.”

कंडक्टर म्हणाले, “मावशी, पुढे गाव येतंय, तिथे थांबू.” पण त्या उठून उभ्याच राहिल्या. शेवटी मीच म्हटलं, थांबवा भाऊ, आम्ही मागच्या बसने येतो.

जिथे उतरलो त्याला मी मोरफाटा म्हणते. रस्ता तिथे जुन्या रुळाला अगदी खेटून जातो. पश्चिमेला दहा-बारा पावलांवर पुरुषभर उंच भराव, त्यावर रूळ. पूर्वेला केळीचा बाग, त्यात राखणदाराचं शेड आणि पाण्याची मोटर. बाकी दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी जमीन, नजर पोचेल तिथपर्यंत. भरावालगतच्या बाभळी सोडल्या तर लपायला झुडूप नाही. हे नीट लक्षात ठेवा.

भरावाच्या पायथ्याशी एका बाभळीच्या सावलीत मी अक्कांना बसवलं. चूळ भरायला पाणी दिलं, बाटली संपली. “दोन मिनिटं बसा, पाणी आणते,” म्हटलं. त्यांनी डोळे मिटूनच मान हलवली.

रस्ता ओलांडून मी शेडकडे गेले. साठ-सत्तर पावलं असतील. राखणदार भाऊ सातपुड्याकडून कामाला आलेला मध्यमवयीन माणूस. त्याने मोटरच्या पाइपाला बाटली लावून दिली. मी मागे वळून पाहिलं तर अक्का तिथेच होत्या, डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी. मोबाइल पाहिला, पाच तेहेतीस. पुढची बस सहाला होती.

मी परत निघाले. रस्त्याच्या मधोमध आले आणि पायांना गार लागलं.

मे महिन्यातला आमच्याकडचा डांबरी रस्ता काय असतो ते खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. चपलेच्या तळव्यातून चटका बसतो. तो चटका एकदम गेला. मी खाली पाहिलं. रस्त्यावर सावली होती. मोठी, सरळ कडेची, पाचोऱ्याकडून पुढे सरकत येणारी. ढग असेल म्हणून मी वर पाहिलं...

ढग नव्हता. ऊन सरळ माझ्या डोळ्यांत येत होतं. भरावाच्या वर सूर्य लख्ख दिसत होता. भरावावर काहीही नव्हतं. रुळातल्या बाभळीचं पानसुद्धा हलत नव्हतं. आणि तरीही माझ्या अंगावर सावली होती.

मग त्या सावलीत उन्हाचा एक चौकोन आला. माझ्या साडीवरून सरकत पुढे गेला. मग अंधारी पट्टी. मग दुसरा चौकोन. मग पट्टी. तिसरा...

खिडक्या.

आवाज नाही. काहीच आवाज नाही, मागे चालू असलेल्या मोटरचासुद्धा नाही. प्रत्येक चौकोनात डोकी होती. कुणाचा फेटा, कुणाचा पदर, कुणी हात बाहेर टाकलेला. सावल्याच त्या, चेहरे कसे दिसणार! माणूस आपल्याकडे तोंड करून बसलाय की पाठ करून, तेही सावलीवरून कळत नाही. तरी आपल्याकडे पाहिलं जातंय असं वाटलं. एकेक डोकं माझ्या पोटावरून, छातीवरून, हातातल्या बाटलीवरून जात होतं आणि गेलं तिथली कातडी थंड पडत होती.

चौकोन हळू झाले. आणि थांबले.

माझ्या उजव्या खांद्यावर एक चौकोन होता, त्यात एक डोकं होतं. ते हलत नव्हतं. किती वेळ, सांगता येत नाही. मी बाईमाणूस, दोन बाळंतपणं झालेली, वडिलांना डोळ्यांदेखत जाताना पाहिलेली... पण तशी भीती मी कधी अनुभवली नाही. त्या वेळी मला अक्कांची आठवणही राहिली नाही, हे मला आजही लागतं.

मग सावली पुढे सरकायला लागली. शेवटची पट्टी अंगावरून गेली, पायांना चटका बसला, आणि मागून मोटरचा आवाज एकदम कानांत शिरला.

बाभळीखाली अक्का नव्हत्या.

मी कशी ओरडले ते राखणदार भाऊने नंतर सांगितलं. “ताई, मला वाटलं साप चावला.” तो धावत आला. त्याने काही पाहिलं नव्हतं, तो शेडमध्ये पाठमोरा होता. पण त्याचा कुत्रा खाटेखाली घुसून बसला होता आणि तिथेच मुतला होता. दांडगा कुत्रा, बसवर भुंकत धावणारा.

आम्ही भरावावर चढलो. दोन्ही बाजूंना लांबपर्यंत रूळ मोकळा. केळीच्या रांगा पाहिल्या. मग भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाला, “ताई, तिकडे विहीर आहे...” मी काठावर गुडघे टेकले. भाऊने दोराला बांधलेला लोखंडी गळ टाकला. तो गळ पाण्यात फिरत होता आणि मी मनात मिस्टरांना काय सांगायचं ते जुळवत होते. तुमची आई माझ्या हातून गेली. पाण्याला गेले होते, तेवढ्यात गेली.

गळ रिकामाच वर आला. तेवढ्यात फोन वाजला. वैशाली.

“वहिनी, अक्का येताय ते सांगायचं तरी! आमच्या जुन्या स्टेशनवर एकट्याच बसल्या होत्या. शेजारचे नाना बकऱ्या घेऊन येत होते, त्यांनी घरी आणलं. तुम्ही कुठे राहिल्या?”

मी वेळ पाहिली. पाच छप्पन्न.

मोरफाट्यापासून पिंपरखेडं एकवीस किलोमीटर आहे. मधल्या वेळात त्या रस्त्याने बस, रिक्षा, मोटरसायकल, काहीही गेलं नव्हतं. भाऊ आणि मी दोघंही तिथेच होतो. आणि गेलं असतं तरी अक्का त्यात बसल्या नसत्या. बरं, ती छोटी गाडी जरी म्हटली, तरी ती चालू होती तेव्हा या अंतराला तिला तासाच्या वर लागायचं. मी हे सगळं शंभर वेळा मांडून पाहिलंय. जुळत नाही.

सहाच्या बसने मी पिंपरखेड्याला गेले. अक्का जिजीच्या खाटेवर बसून त्यांना चमच्याने मुगाचं वरण भरवत होत्या. जिजी खात होत्या. सगळं घर खूश. अक्कांच्या साडीची घडीसुद्धा मोडली नव्हती, तोंडावर थकवा नव्हता. मी दाराशीच उभी राहिले.

नंतर ओसरीत एकटीला गाठून विचारलं, “अक्का, तुम्ही कशा आलात?”

“गाडी उनी ना. बसी गऊ.”

“कोणती गाडी?”

“आपली. दुसरी कोनती?”

“आत कोण होतं?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पदर सारखा केला आणि उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी मिस्टर कार घेऊन आले. परतीच्या वाटेवर अक्कांना नेहमीसारख्या उलट्या झाल्या. मिस्टरांना मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, ऊन लागलं असेल तुला, आईला कुणीतरी गाडीवर सोडलं असेल. मीही तसंच मानायचं ठरवलं. जमत आलंही होतं. जिजी पुढे वॉकर घेऊन चालायला लागल्या, त्या आजही आहेत. म्हणजे वाईट काहीच झालं नाही, असंच म्हणायला हवं.

पण या संक्रांतीच्या आधी आम्ही दोघी अंगणात तीळ निवडत बसलो होतो. मी काही विचारलं नव्हतं. अक्का आपणहून बोलल्या, ताटातून नजर न काढता.

“त्या दिनले गाडीमा बठ्ठा आपलाच लोके व्हतात.”

“सगळे आपलेच? म्हणजे कोण?”

“तू बी व्हती.”

“मी? अक्का, मी रस्त्यावर होते. पाणी आणायला गेले होते ना?”

“तू मन्हा समोर बठेल व्हती. डोकं बठ्ठं पांढरं. मी दोनदा हाक मारी तुले. तू बोलनी नही.” त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला. “खिडकीबाहेर देखी रायनी व्हती. रस्तावर कोनी बाई उभी व्हती, तिनाकडे.”

त्यानंतर त्या विषयावर त्या एक शब्द बोललेल्या नाहीत, आणि विचारायची माझी हिंमत नाही.

माझी शाळा त्याच रस्त्यावर आहे. दुसरी बस नाही. साडेपाचच्या सुमारास रोज मोरफाट्यावरून जावं लागतं. मी रुळाच्या विरुद्ध बाजूला बसते आणि मोबाइलमध्ये डोकं घालते. या वर्षी सातवीला सावलीचा धडा मी दुसऱ्या बाईंना घ्यायला सांगितला. कारण विचारलं तर घसा बसलाय म्हटलं.

तुम्ही म्हणाल उष्माघात, म्हणाल भास, म्हणाल म्हातारीचं डोकं. म्हणा. हे सगळं मी स्वतःला आधीच म्हणून झालंय. माझ्या खांद्यावर थांबलेलं ते डोकं कुणाचं होतं, एवढंच मला कुणी सांगू नका.