बाबांचा शेवटचा दाढीचा साबण

बाबांनी केलेल्या शेवटच्या साबणाची मला भीती वाटत होती.

आज बाबांना जाऊन वर्ष झालं, म्हणून लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझे बाबा दाढीचा साबण घरी करायचे. रेवदंड्याच्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत. वाडीतल्या नारळाचं तेल, थोडं एरंडेल, स्टिअरिक अ‍ॅसिड आणि कॉस्टिक पोटॅश.

बाजारातल्या फोमनं त्यांच्या गालावर पुरळ उठायचं. बाबा कारखान्यात केमिकलच्या कामातच रिटायर झालेले. म्हणाले, "साबण म्हंजे काय, तेल आन् अल्कली. आपणच करू."

पण पोटॅश म्हणजे खेळ नाही.

दिसायला नुसत्या पांढऱ्या पापड्या, पण ओल्या हाताला लागल्या तर कातडी जाळतात. माप जास्त पडलं तर तयार झालेला साबणही चेहरा भाजतो.

आणि मी जन्माची घाबरट. माझं सासर अलिबागला, त्यामुळे रविवारी माहेरी चक्कर व्हायचीच. बाबा गॉगल लावून पोटॅश मोजायला बसले की मी दारात उभी राहून सूचना द्यायचे.

"बाबा, ग्लव्हज."

"घातलेत."

"बाबा, खिडकी."

"उघडी हाय. तू आत जा बघू, हितं उभी राहून तुलाच घाम सुटलाय."

मग एका रविवारी त्यांनी स्टीलच्या पातेल्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमचा टोप घेतला.

पोटॅश अ‍ॅल्युमिनियम खातं, हे आम्हाला दर वेळी बजावणारा माणूस. टोप फसफसला, काळा पडला, पडवीभर वाफ झाली. त्यांना काही लागलं नाही. ते नुसते टोपाकडे बघत राहिले आणि मी त्यांच्याकडे.

डॉक्टर म्हणाले, हे विसरणं आता वाढत जाईल.

पनवेलहून दादा फोनवर ओरडला, "ते साबण-बिबण बंद करा आता." मीही तेच म्हणत होते. आई एवढंच म्हणाली, "करू दे त्यांना. मी हाय ना."

मला आईचा राग आला. सगळ्यांच्या जिवाला घोर लावून हिला कसली एवढी खात्री?

शेवटचा साबण केला तेव्हा मी तिथेच होते. मध्ये जरा मागे कपडे वाळत घालायला गेले. परत आले तर बाबा पातेल्यापाशी उभे, हातात पोटॅशची वाटी.

"बाबा, पोटॅश घातलंत ना मघाशी?"

ते थांबले. पातेल्यातल्या पाण्याकडे बघितलं, वाटीकडे बघितलं.

"न्हाय गं. अजून न्हाय."

आणि वाटी पाण्यात रिकामी केली.

तेव्हापासून माझं डोकं तिथेच अडकलं. घातलं नव्हतंच, की आता दुसऱ्यांदा पडलं? पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. त्यांचा चेहरा मला परत तसा बघायचा नव्हता.

साबण डब्यात भरून त्यांनी फळीवर ठेवला. "महिनाभर मुरू दे. कोण हात लावू नका."

महिना व्हायच्या आधीच बाबा गेले. सकाळी, हातात चहाचा कप असताना.

दहाव्याच्या दिवशी दादानं तो डबा फळीवरून काढला. सुतकात दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"आज मुंडण बाबांच्या साबणानंच करायचं."

"नको दादा. कच्चा असेल तर डोकं भाजेल तुझं."

"म्हणजे बाबांना जमलं नसेल, असंच ना?"

खरी भीती तीच होती. दादाच्या डोक्याला चार दिवस मलम लावता आलं असतं. पण साबणानं भाजलं असतं तर शेवटी बाबांना हातातलं कामही कळत नव्हतं, हे कायमचं ठरलं असतं. मला ते कळायला नको होतं.

आई आतून आली. बोट ओलं केलं, साबणावर घासलं आणि जिभेच्या टोकाला लावलं. कच्चा साबण जिभेला बॅटरीचा सेल लावल्यासारखा चटका देतो. तपासायची ही पद्धत तिला बाबांनीच शिकवलेली.

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"चांगला हाय. घेऊन जा."

तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हताच. खाडीवर न्हाव्यानं दादाच्या डोक्याला फेस लावला, दाट, पांढराशुभ्र. मी इतकी टक लावून बघत होते की तो म्हणाला, "ताई, लय बघू नका. माझा हात थरथरंल."

डोकं धुतलं. कुठेही लाल नाही, पुरळ नाही.

घरी येऊन मी आईजवळ रडले. कपडे वाळत घालायला गेले तिथपासून सगळं सांगून टाकलं.

ती म्हणाली, "दोनदा घालायला व्हतं कुठं? टोप जळला तवापासून पोटॅशच्या बरणीत एका वेळेपुरतंच ठेवत व्हते मी. मापून. बाकीचं माझ्या कपाटात, कुलपात."

म्हणजे बाबा "अजून न्हाय" म्हणाले, ते खरंच होतं.

आणि आमची आई, जिच्यावर मी निष्काळजी म्हणून चिडले होते, ती माझ्याहून जास्त घाबरलेली होती. फक्त दारात उभी राहून बोलत नव्हती.

"बाबांना कळलं नाही कधी?"

आई पदराला हात पुसत राहिली.

"एकदा म्हणाले, हल्ली बरणीत बरोबर लागतं तेवढंच असतं गं. मी म्हटलं, दुकानदारच तेवढं देतो."

"मग?"

"हसले. म्हणाले, चांगला दुकानदार हाय. सोडू नको त्याला."

बाबा, वर्षाचा नमस्कार.

आईची काळजी करू नका. ती आम्ही करतो. मी तर जरा जास्तच.