चौऱ्याऐंशी वर्षांचं लेकरू

चौऱ्याऐंशीव्या वर्षी लिफ्टवाल्या आजोबांना नवे वडील मिळाले.

आजोबांनी अडतीस वर्षं नगरपालिकेची लिफ्ट चालवली होती. तेव्हापासून आजवर कितीतरी नगराध्यक्ष आले नि गेले. हे नवे, वय सेहेचाळीस, शपथ घेतल्या घेतल्या गरजले, "मी तुमचा अध्यक्ष नाही, बाप आहे!" दुसऱ्या दिवशी चौकाचौकांत फलक लागले: रुंद छाती, पिळदार मिशा, उगारलेलं बोट आणि खाली 'आठच्या आत घरात!'

आजोबांचा मुलगा वायरमन, वय पंचावन्न. त्याला हा फलक औषधासारखा लागू पडला. साडेसात वाजले की अर्धी वायर तशीच लोंबकळत ठेवून तो घरी पळायचा. मिशी काढायची म्हणून त्यानं नगरपालिकेत रीतसर अर्ज केला. तो नामंजूर झाला. शेरा होता, 'लोक काय म्हणतील?'

"अरे, मी अजून जिवंत आहे ना?" आजोबा भडकले.

"तुम्ही घरचे बाबा. ते मोठे बाबा."

सोमवारी अध्यक्ष लोकांना भेटायचे. आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून तिथे जाऊन थडकले.

"साहेब, माझ्या पोराचे बाप तुम्ही. मग मी कोण?"

अध्यक्षांनी त्यांच्या टकलावरून हात फिरवला. "तुम्हीसुद्धा माझं लेकरूच!"

टाळ्या पडल्या. आजोबा दीड वर्षांचे असताना त्यांचे वडील गेले होते. लेकरू म्हणणारं माणूस कधी भेटलंच नव्हतं. भांडायला आलेले आजोबा जागच्या जागी विरघळले.

"मग बाबा," ते हळूच म्हणाले, "मला खांद्यावर घ्या ना."

कॅमेरे वळले. आता नाही कसं म्हणणार? अध्यक्ष खाली बसले, आजोबा चढले. वजन एकाहत्तर किलो. सचिवानं धावत जाऊन पंखा बंद केला.

"अबब, कपाटावर केवढी धूळ! खिडकीपर्यंत चला ना, बाबा!"

तिसऱ्या पावलाला कट्‌ असा आवाज आला. अध्यक्ष वाकले ते तसेच राहिले.

"बाप थकत नसतो," ते दातओठ खात म्हणाले. डोळ्यांत टचकन पाणी आलं होतं.

वरून आजोबांनी त्यांच्या केसांवर हात ठेवला. "दुखतंय का रे?"

"खूप."

"मग सांगायचं की! उतरव मला."

"सगळे बघतायत हो."

"बघू देत."

अध्यक्ष तीन आठवडे अंथरुणाला खिळले. आजोबा रोज दुपारी गरम पाण्याची पिशवी घेऊन जायचे आणि उशाशी बसायचे. इकडे नगरपालिकेत खांद्यावर बसायला साठ प्रौढ माणसं टोकन घेऊन ताटकळत होती. शेवटी सचिवानं नोटीस लावली: 'वडील आजारी आहेत. मुलांनी शहाण्यासारखं वागावं.'

बरे झाल्यावर अध्यक्षांनी बापपणाचा राजीनामा दिला. पण त्यासाठीचा छापील नमुना कुठल्याच कपाटात सापडेना, म्हणून राजीनामा परत आला. मुदत संपेपर्यंत त्यांना बापच राहावं लागलं. मात्र दर सोमवारी त्यांच्या शेजारी एक खुर्ची मांडली जाऊ लागली आणि तिच्यावर पाटी होती, 'थोरले चिरंजीव'. अध्यक्ष कुणावर बोट उगारायला लागले की थोरले चिरंजीव ते हलकेच खाली घेत आणि समोरच्याला विचारत, "बोला, काम काय आहे?"