फिफ्थ व्हील म्हणजे स्टेपनी नव्हे

परवा शनिवारी इथे आयर्लंडमध्ये कॉर्कहून ट्रलीजवळ एक कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडायची चाकांवरची खोली, विकत घ्यायला गेलो आणि हात हलवत परत आलो... त्याची ही गोष्ट.

आमच्याकडे पिकअप आहे. माझ्या नवऱ्यानं, मंदारनं, हौसेनं घेतली. दिवसभर लॅपटॉपसमोर बसणाऱ्या माणसाला मागे एवढा मोठा हौदा कशाला, असं सगळ्यांनी विचारून झालं. त्यावर पठ्ठ्यानं मोठा ट्रेलर ओढायचं वेगळं लायसन्सही काढलं. नाद, दुसरं काय!

यंदा सासू-सासरे सांगलीहून आले आणि त्या नादाला काम मिळालं. बाबा भूगोलाचे निवृत्त शिक्षक. गल्फ स्ट्रीममुळे आयर्लंडचा किनारा उबदार कसा राहतो, हे जन्मभर फळ्यावर काढून दाखवलेला माणूस... आणि इथे येऊन घराबाहेर पडायलाच तयार नाही. "तुम्ही या जाऊन, माझे गुडघे दुखतात."

गुडघ्यांना काहीही झालेलं नाही. मी डॉक्टर आहे, एवढं कळतं मला. प्रोस्टेटचा त्रास, गोळ्या चालू आहेत, तरी सारखं जावं लागतं. आणि वाटेत पोराला गाडी थांबवायला सांगायची लाज वाटते. (हे बाबांच्या परवानगीनं लिहितेय. "लिही की, लोक तरी घरात बोलतील," म्हणाले.)

वॉर्डात मी परक्या पुरुषांना हा प्रश्न रोज बिनदिक्कत विचारते. घरी सासऱ्यांसमोर मात्र जीभ रेटत नव्हती. त्यांचं परतीचं विमान जवळ आलं होतं, २०१७चा आयरिश उन्हाळा तर दोनदाच तोंड दाखवून गेला होता... म्हणून ठरलं, टॉयलेटवाली कॅरव्हॅन घ्यायची आणि बाबांना अटलांटिक दाखवायचा. कारण कोणी उच्चारायचं नाही.

मंदारनं रीतसर एक्सेल केलं. पिकअप साडेतीन टन ओढते, कॅरव्हॅन सामानासकट पावणेतीन... म्हणजे आरामात. जाहिरातीत ठळक अक्षरात 'फिफ्थ व्हील' लिहिलेलं पाहून तर तो खूशच झाला. "बघ, स्टेपनीसुद्धा देतोय!"

मलाही ते पटलं. चार चाकं खाली, पाचवं स्टेपनीचं... दुसरं काय असणार?

ट्रलीला यायला बाबा तयार झाले, कारण एवढी मोठी खरेदी आणि वडीलधारं माणूस हजर नको? पण सकाळपासून त्यांनी चहा घेतला नव्हता, पाण्याला हात लावला नव्हता. गाडीत नुसते ताठ बसून होते. मी पुढच्या सीटवरून सगळं बघत होते.

शेतात उभी असलेली कॅरव्हॅन दिसली आणि मंदारचा चेहरा उतरला. तिची पुढची बाजू मान काढल्यासारखी उंच आणि लांब. फिफ्थ व्हील म्हणजे पिकअपच्या हौद्यात बसवायची एक भक्कम जोडणी, तिच्यावर ती मान टेकवायची असते. आमच्याकडे मागे साधा टो-बॉल, ट्रेलर अडकवायचा लोखंडी गोळा. मालकानं तो पाहिला, टोपी मागे सारली आणि "आह, लॅड..." एवढंच म्हणाला.

मंदार हार मानेना. जोडणी बसवून घेऊ म्हणाला आणि तिथेच मोबाईलवर शोधायला लागला. पण ओढणं वेगळं आणि पाठीवर घेणं वेगळं. अशा कॅरव्हॅनचा साधारण पाचवा हिस्सा गाडीच्या पाठीवर येतो. त्यात जोडणीचं वजन, त्यात आम्ही चौघं, त्यात आईंचा कुकर, मिक्सर आणि कणकेचा डबा... आणि आमच्या पिकअपच्या पाठीची मर्यादा टनाच्याही आत.

आईंनी स्वतःचं वजन सांगायला साफ नकार दिला. मग मंदारनं अंदाजे आकडा धरला, त्यावरून वेगळंच रामायण झालं.

सगळी काटछाट करूनही साठेक किलो जास्तच भरत होते. तेव्हा बाजूला उभे असलेले बाबा शांतपणे म्हणाले, "मला वगळ की. बसतंय मग गणित."

मला भरून आलं आणि रागही आला. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, तेच स्वतःला वजा करत होते... माझ्या तोंडून निघूनच गेलं, "बाबा, तुम्हाला वगळून कशाला हवीय ती? तुम्हाला सारखं बाथरूमला लागतं म्हणूनच घेतोय आम्ही!"

आई गायींकडे बघायला लागल्या, मंदारनं मोबाईलमध्ये डोकं घातलं. मालकाला मराठी येत नसल्यामुळे तो एकटाच निवांत होता.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या अवाढव्य कॅरव्हॅनकडे. "एवढं घर ओढत न्यायचं... माझ्या लघवीसाठी?" आणि हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "मधुरा, आधी ह्यांचं बाथरूम कुठाय ते विचार."

मालक "ग्रँड, ग्रँड" (इथल्या बोलीत 'हो हो, खुशाल') म्हणत त्यांना घरात घेऊन गेला. बाबा बाहेर आले ते हातात चहाचा मग घेऊनच. कॅरव्हॅन काही आम्ही घेतली नाही... तसेच पुढे समुद्रावर गेलो.

भर वाऱ्यात उभे राहून बाबांनी हात लांब करून गल्फ स्ट्रीम कुठून येतो ते शिकवलं. आम्ही कुडकुडत माना डोलावत होतो. उबदार किनारा म्हणे!

परतताना किलार्नी गाव सोडलं आणि मागच्या सीटवरून मंदारच्या खांद्यावर थाप पडली. "थांबव रे जरा."

मंदारनं लगेच इंडिकेटर दिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्या घरातलं कुठलं वाक्य ऐकून मला इतका आनंद झाल्याचं आठवत नाही.